कलर पेन्सिलने चित्र काढायचंय? आधी कागद बघा, मग पेन्सिली

कलर पेन्सिल नव्याने सुरू करणारे सगळे आधी हेच विचारतात, कुठला सेट घेऊ? मी उलट विचारते की कागद कुठला वापरताय, कारण बहुतेक वेळा गाडी तिथेच अडलेली असते. शाळेच्या ड्रॉइंग वहीतल्या पातळ कागदावर तुम्ही कितीही भारीतली पेन्सिल चालवलीत तरी तीन-चार थरांनंतर कागद गुळगुळीत होतो, वरचा रंग नुसता सरकतो, धरतच नाही, आणि आपल्याला वाटतं की आपल्यालाच जमत नाहीये. जमतंय हो, कागद साथ देत नाहीये.

कारण कलर पेन्सिलचं सगळं काम थरांवर चालतं. वॉटरकलरसारखा रंग पॅलेटमध्ये मिसळून घेता येत नाही, तो कागदावरच एकावर एक चढवत मिसळायचा असतो. कागदाला जी बारीक खरखर असते, जिला टूथ म्हणतात, तिच्या खळग्यांत रंग बसत जातो आणि ते खळगे भरले की मग पुढे काही चढत नाही. म्हणून कागद निदान २०० जीएसएमचा तरी घ्या, जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन, आकडा मोठा तितका कागद जाड. मला स्वतःला ३०० जीएसएमचा हॉट प्रेस, म्हणजे गरम दाबून सपाट केलेला वॉटरकलर पेपर सगळ्यात आवडतो, गुळगुळीत दिसतो पण आठ-दहा थर आरामात घेतो. कोल्ड प्रेस, म्हणजे खरखरीत प्रकार घेतलात तर खळगे मोठे, मग चित्रभर पांढरे ठिपके राहतात आणि ते बुजवता बुजवता मनगट दुखतं. ब्रिस्टल स्मूद नावाचा जाड गुळगुळीत कागद बारीक डिटेलला छान, पण थर कमी घेतो. पुण्यात शिवाजीनगरला हातकागद संस्था आहे, तिथले कागद बघायला तरी नक्की जा, मोकळ्या स्केचसाठी त्या पोताची मजा वेगळीच आहे, अगदी बारीक कामाला मात्र तो पोत आडवा येतो. आणि एखादं राखाडी किंवा खाकी रंगाच्या कागदाचं पॅड जवळ ठेवा, पांढरी पेन्सिल पांढऱ्या कागदावर फुकट जाते पण तिथे जे काही चमकते ना!

आता पेन्सिली. ढोबळमानाने दोन जाती, मेणाच्या आणि तेलाच्या. प्रिझमाकलर प्रीमियर मेणाची, मऊ, लोण्यासारखी उतरते, रंग पटकन भरतो पण टोक लवकर बसतं. फेबर-कॅस्टेलची पॉलीक्रोमोस तेलाची, जरा टणक, टोक टिकतं, केस-पिसं-शिरा काढायला उत्तम, पूर्ण सेट १२० रंगांचा आहे. पण सुरुवातीलाच हे घ्यायची अजिबात गरज नाही. कॅम्लिन किंवा डॉम्सचा सेट घरात असेल तर त्याच्यावर थर चढवायचा हात बसवा, स्वस्त पेन्सिलीत रंगद्रव्य कमी आणि भर जास्त असते एवढंच, त्यामुळे गडद रंग हवा तेवढा गडद होत नाही. मग जमायला लागलं की चांगल्यातल्या २४ घ्या, आणि लागेल तसे सुटे रंग वाढवा. ७२ चा डबा घेऊन त्यातल्या ४० पेन्सिली नव्याच्या नव्या राहिलेल्या मी कितीतरी घरांत बघितल्यात. माझ्या सगळ्यात जास्त झिजणाऱ्या सांगू? क्रीम, इंडिगो, बर्न्ट सिएना, ऑलिव्ह ग्रीन, मजेंटा आणि गडद तपकिरी. काळी जवळपास लागतच नाही, इंडिगोवर गडद तपकिरी चढवली की येणारा काळा हा डब्यातल्या काळ्यापेक्षा फार खोल आणि जिवंत दिसतो.

एका गोष्टीकडे फार कमी लोक बघतात आणि मला ती मनापासून महत्त्वाची वाटते, ती म्हणजे रंग उन्हात किती टिकतो. मी मावशीला तिच्या अंगणातल्या बोगनवेलीचं चित्र करून दिलं होतं, तिने कौतुकाने पश्चिमेच्या खिडकीसमोर लावलं आणि दीड वर्षात फुलांचा गुलाबी पार उडाला, पानं तेवढी हिरवी राहिली. फार वाईट वाटलं. गुलाबी, जांभळे आणि काही निळे रंग या बाबतीत सगळ्यात कच्चे असतात. पॉलीक्रोमोसवर स्टार छापलेले असतात, तीन स्टार म्हणजे सगळ्यात टिकाऊ. कलर पेन्सिलच्या टिकाऊपणासाठी एएसटीएम या मानकं ठरवणाऱ्या संस्थेचं डी-६९०१ नावाचं स्टँडर्डच आहे आणि कारान दाश कंपनीच्या ल्युमिनन्स ६९०१ या पेन्सिलीच्या नावातला तो आकडा तिथूनच आलाय. ती महाग आहे, म्हणून मी फक्त गुलाबी-जांभळ्या छटाच त्यातल्या सुट्या घेते.

तुमच्याकडच्या पेन्सिली घरीच तपासता येतात. चांगल्या कागदाच्या पट्टीवर प्रत्येक रंगाचा गडद चौकोन करा, बाजूला नंबर लिहा, अर्धी पट्टी जाड काळ्या कार्डने झाका आणि कडक ऊन येणाऱ्या खिडकीच्या काचेला चिकटवून टाका, फेब्रुवारीत लावली तर मेमध्ये काढा, पावसाळ्यात लावून उपयोग नाही. कार्ड उचलल्यावर ज्यात फरक दिसेल ते रंग डायरीत वापरा, भेट द्यायच्या किंवा विकायच्या चित्रात नको.

बाकी सामान थोडंसंच. चांगला शार्पनर, आणि ब्लेड बोथट झालं की लगेच बदला, शिसं तुटण्याचं निम्मं कारण तेच असतं, उरलेलं निम्मं म्हणजे पेन्सिल खाली पडणं, बाहेरून धड दिसते पण आत तुकडे झालेले असतात. रंग उचलायला कणकेसारखं मळता येणारं खोडरबर. भुकटी झटकायला मऊ ब्रश, हाताने पुसलं की डाग पडलाच. हाताखाली एक कोरा कागद. आणि संपलेलं बॉलपेन फेकू नका, रंग द्यायच्या आधी त्याने मिशा, काटे, पानांच्या शिरा दाबून कोरून ठेवायच्या, वरून रंग फिरवला की त्या रेघा आपोआप पांढऱ्या राहतात.

आता काय काढायचं? माझं ठाम मत, आपल्या मंडईत जा. भरल्या वांग्याची छोटी वांगी आणा आणि एक वांगं खिडकीजवळ ठेवा, उजेड एकाच बाजूने येऊ दे. आउटलाइन साध्या पेन्सिलने नको, ग्राफाइट रंगात मिसळून मळकट होतं, फिकट जांभळ्यानेच हलकी काढा. वांग्यावर जी चकाकी दिसते ती जागा पहिल्यापासून कोरी सोडायची, नंतर पांढरा लावून ती चमक येत नाही. नीट बघा, ती चकाकी पांढरी नसतेच, खिडकीतल्या आकाशाची निळसर झाक असते तिच्यात, कडेने अगदी फिकट निळा फिरवा. मग सगळीकडे लॅव्हेंडर, हात एकदम हलका, बारीक गोल गोल फिरवत. त्यावर मजेंटा, त्यावर जांभळा, मग सावलीच्या बाजूला इंडिगो, आणि सगळ्यात अंधाऱ्या जागी थोडा गडद हिरवा, विचित्र वाटेल पण हिरव्याने जांभळा दबतो आणि वांग्याचा तो खरा काळसर रंग येतो. खालच्या कडेला टेबलाचा उजेड परत उडालेला असतो, ती पातळ पट्टी गडद करू नका, गोलाई तिथूनच येते. देठाला आधी पिवळा, मग ऑलिव्ह, आणि फार भडक झाला तर वरून किंचित लाल. जोर शेवटच्या थरालाच द्यायचा, तोही फिकट रंगाच्या पेन्सिलने घासून, त्याला बर्निशिंग म्हणतात, एकदा ते केलं की कागदाचे खळगे मिटतात, पुढे रंग चढत नाही, म्हणून घाई नको. मुठीएवढ्या वांग्याला मला पाच-सहा तास सहज लागतात, दोन-तीन दिवसांत विभागून.

वांग्यानंतर तांब्याचा गडू करून बघा, खाकी कागदावर. त्यात अख्खं स्वयंपाकघर दिसतं. पैठणीचा पदर, देठाजवळ लाली असलेला हापूस, कासच्या पठारावरची फुलं, विषय हवे तेवढे आहेत. पितळेचं वेड लागलं तर पुण्यात केळकर संग्रहालयात दिवे आणि अडकित्ते बघायला जा, छोटी डायरी न्या, आकार आणि रंगांचे नंबर तिथेच टिपून घ्या. ज्यांनी शाळेत एलिमेंटरी-इंटरमिजिएट दिलीय त्यांना वस्तुचित्र आठवत असेल, तीच नजर इथे कामी येते. फोटोवरून करणार असाल तर स्वतः काढलेल्या फोटोवरून करा, दुसऱ्याचा फोटो असेल तर आधी त्याला विचारा, आणि वस्तू समोर असताना एकदा रंग लावून बघाच, कारण फोनच्या फोटोत सावल्या नुसत्या काळ्या येतात, त्यातला जांभळा-तपकिरी गायब होतो.

पावसाळ्यात कागद दमट होऊन मऊ पडतो, प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये सिलिका जेलच्या पुड्या टाकून आडवा ठेवा. मेणाच्या पेन्सिलीचं गडद चित्र काही आठवड्यांनी धुरकट दिसायला लागलं तर घाबरू नका, मेण वर आलेलं असतं, मऊ सुती कापडाने अलगद पुसा आणि मग कोरड्या दिवशी फिक्सेटिव्हचे, म्हणजे रंग पक्का करणाऱ्या स्प्रेचे, दोन-तीन पातळ हात द्या, खिडक्या उघड्या ठेवून. फ्रेमवाल्याला मात्र स्पष्ट सांगा की माउंट, म्हणजे चित्राभोवती जाड कार्डाची चौकट, लावूनच करा, काच चित्राला टेकली की रंग काचेला चिकटतो.