रग्बीच्या रिव्ह्यूसाठी मोबाइल नेमका कुठे लावायचा

नवी मुंबईत शाळा-कॉलेजच्या मॅचला कोणी ना कोणी ट्रायपॉड लावतंच, पण सगळे जाऊन उभे राहतात हाफवे लाइनला कारण तिथून मैदान मस्त दिसतं. रिव्ह्यूत, म्हणजे क्लिप बघून निर्णय तपासताना, रेफ्रीला मात्र मुख्य हवं असतं ते ट्राय झाला का नाही, म्हणजे बॉल समोरच्या टीमच्या गोल लाइनवर किंवा तिच्या पलीकडे जमिनीला टेकवला का नाही. म्हणून आधी प्रश्न ठरवा, मग अँगल.

तीन मोबाइल असतील तर दोन सरळ गोल लाइनला द्या, मैदानाच्या दोन्ही टोकांच्या गोल लाइनला एकेक. टचलाइनच्या (मैदानाच्या बाजूच्या रेषेच्या) बाहेर, खेळाडू येऊन आदळणार नाही इतकं लांब, आणि अगदी गोल लाइनच्या रेषेत. रेषेत आलो हे कसं कळणार? जवळचा कॉर्नर फ्लॅग आणि पलीकडचा फ्लॅग स्क्रीनवर एकमेकांच्या मागे लपले पाहिजेत, बस. हे सोडू नका प्लीज, कारण मैदानाच्या बाजूने तिरकं बघितलं की हवेत असलेला बॉल लाइनच्या पुढे गेल्यासारखा वाटतो आणि तो अजून टेकलेलाच नसतो. गोल लाइन इन-गोलमध्येच (तिच्या मागच्या, ट्राय करायच्या पट्ट्यात) धरतात, बॉल नुसता लाइनला टेकला तरी ट्राय. पावसात चुना वाहून जातो, तेव्हा तर फ्लॅगच आधार.

माणसांच्या ढिगाखाली बाजूने काही दिसत नाही, चौथा मोबाइल मिळाला तर डेड बॉल लाइनच्या (इन-गोलच्या मागच्या शेवटच्या रेषेच्या) मागे, थोडा उंचावर.

तिसरा मोबाइल हाफवेला उंचावर, शेजारच्या सोसायटीची गॅलरी मिळाली तर सोनं. पण फॉरवर्ड पासचा (हाताने पुढे दिलेला पास, जो रग्बीत चालत नाही) निर्णय यावरून जपून द्या, पास कॅमेऱ्याच्या समोरच झाला असेल तरच. आणि बॉल जमिनीच्या हिशोबाने पुढे गेला म्हणून फॉरवर्ड म्हणू नका, धावणाऱ्याचा वेग बॉललाही मिळतो, हातातून कुठल्या दिशेने सुटला ते बघा.

व्हिडिओचं सेटिंग सेकंदाला ६० फ्रेम्सवर ठेवा. सेकंदाला १० मीटर जाणारा बॉल २५ फ्रेम्सवर एका फ्रेमपासून पुढच्या फ्रेमपर्यंत ४० सेंटीमीटर सरकतो, ६० वर साधारण १७.

हाय टॅकलला (मान-डोक्याच्या उंचीवर गेलेल्या टॅकलला) स्लो मोशन फक्त खांदा कुठे लागला हे बघायला. जोर किती होता ते नॉर्मल स्पीडलाच बघा, स्लोमध्ये साधी धडकही भयंकर दिसते आणि पोराला उगाच कार्ड मिळतं.

वेगवेगळ्या मोबाइलच्या क्लिप एकाच क्षणाला जुळवायला रेफ्रीच्या शिट्टीचा आवाज पकडा. आणि सगळे अँगल बघूनही स्पष्ट दिसत नसेल तर रेफ्रीने मैदानावर दिलेला निर्णय कायम, हे दोन्ही कोचना मॅचच्या आधीच सांगून ठेवा.