कोल्हापुरात एकट्यानं, कमी खर्चात, कुणाच्या तरी घरी राहून फिरायचं असेल तर

कोल्हापूरला एकटं यायचंय, बजेट कमी आहे, लॉजवर नको, कुणाच्या तरी घरी राहता येईल का असं लई जण विचारतात. आमच्या घरी पेठेत वरच्या मजल्यावर एक खोली आहे, तिथं आम्ही बाहेरगावच्या एकट्या फिरणाऱ्यांना ठेवून घेतो, त्यामुळं ठेवून घेणाऱ्याच्या बाजूनं काय काय दिसतं ते सगळं लिहितेय. एक गोष्ट आधीच सांगते. घरी राहिलं की पैसे वाचतात हे खरंय, पण नुसते पैसेच वाचवायचे असतील तर अंबाबाईच्या देवळाजवळ भक्तनिवास, धर्मशाळा आहेत, तिथं कमी पैशात भागतं आणि कुणाच्या वेळा सांभाळाव्या लागत नाहीत. घरी राहायचं ते त्या घराच्या वेळापत्रकात शिरून शहर बघायला. ज्याला हे जमतं त्याला कोल्हापूर दोन दिवसात जेवढं कळतं तेवढं हॉटेलात आठवडाभर राहूनही कळत नाही.

होस्ट शोधायचा म्हटलं की सगळ्यांना काउचसर्फिंगच आठवतं. प्रवाशांना अनोळखी लोकांच्या घरी राहायची सोय लावून देणारी ही २००४ पासूनची साईट आहे, पूर्वी फुकट होती, २०२० पासून बऱ्याच देशांत मेंबरशिपचे पैसे लागतात, मग त्यातली काही मंडळी बीवेलकमवर गेली, ती साईट स्वयंसेवक चालवतात आणि पैसे घेत नाहीत. सायकलवर येत असाल तर वॉर्मशॉवर्स बघा, ते खास सायकलवर लांबचा प्रवास करणाऱ्यांसाठीच आहे. पण पुण्या-मुंबईत सापडतात तेवढे होस्ट इथं ॲपवर सापडत नाहीत, कोल्हापुरात अजून ओळखीतनंच काम होतंय. तुमच्या कॉलेजात, ऑफिसात कोणी ना कोणी या जिल्ह्यातलं असतंयच, त्याला सरळ विचारा. शिवाजी विद्यापीठात शिकलेलं कोणी माहितीतलं असेल तर अजून बरं, कारण राजारामपुरी, सागरमाळ, आमच्या पेठा, इथल्या कितीतरी घरात वर्षानुवर्षं विद्यार्थी पेइंग गेस्ट राहतात आणि परीक्षा संपल्या की त्या खोल्या रिकाम्या असतात, जुन्या घरमालकिणीला एक फोन केला की सोय होते. ट्रेकिंगच्या ग्रुपमधनं पण ओळखी निघतात, दर पावसाळ्यात पन्हाळा ते पावनखिंड चालत जाणारे हजारो जण असतात, त्यांच्यात कोल्हापूरकर भरपूर. आणि यातलं काहीच नसेल तर राज्याच्या पर्यटन खात्याची निवास-न्याहारी योजना आहे, त्यात नोंदणी झालेली घरं असतात, पैसे द्यावे लागतात पण पहिल्यांदाच एकटी निघालेल्या मुलीला मी तर आधी हेच सांगीन.

बाहेरगावच्या पोरांची राहायची सोय करणं या शहराला नवीन नाही बरं का. शाहू महाराजांनी १९०१ ला व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं आणि त्या काळात जैन, मुस्लिम, लिंगायत अशी एकेका समाजाच्या पोरांसाठी बोर्डिंगं उभी राहिली, खेड्यातल्या पोराला शिकायचंय पण शहरात डोकं टेकायला जागा नाही हीच अडचण होती. दसरा चौकात महाराजांच्या पुतळ्यापाशी उभं राहिलात तर त्यातली काही बोर्डिंगं आजूबाजूलाच आहेत, आल्यावर तिथनं एक चक्कर माराच.

आता मेसेज कसा टाकायचा. आम्हाला येणाऱ्या निम्म्या मेसेजमध्ये नुसतं "हाय, १२ ला रूम मिळेल का" एवढंच असतं आणि अशांना आम्ही उत्तरच देत नाही, घरात सासूबाई आहेत, शाळेत जाणारी मुलगी आहे, कोण माणूस येतोय ते कळायला नको का. असं लिहा: "नमस्कार, मी अमुक, नाशिकची, शाळेत शिकवते. शुक्रवारी सकाळी महालक्ष्मी एक्स्प्रेसनं पोचेन, रविवारी रात्री निघेन, म्हणजे दोन रात्री. मी एकटीच आहे, शाकाहारी आहे, अंडं चालतं, जमिनीवर गादी टाकली तरी चालेल. दिवसभर बाहेर असेन, रात्री नऊच्या आत येईन. तुमच्या घरच्या काही वेळा, नियम असतील तर सांगा. जमत नसेल तर तसंही मोकळेपणानं कळवा." एवढं आलं की समोरच्याला विचार करता येतो. दोन रात्री मागा, फार तर तीन. घरच्यांनीच अजून राहा म्हटलं तर राहा, पण पहिल्याच मेसेजला आठवडा मागू नका.

सुरक्षेचं जरा सविस्तर बोलते, मुलींनी तर नीट वाचा, पण पोरांनी पण वाचा. ज्या घरी जाणार त्याचे रिव्ह्यू वाचताना नुसत्या कौतुकाच्यांवर जाऊ नका, तक्रारीचा एखादा असला तर तो आधी वाचा, आणि मुलगी असाल तर एकट्या राहिलेल्या मुलींनी काय लिहिलंय ते शोधा. निघायच्या आधी एक व्हिडिओ कॉल मागा, घरातलं दुसरं कोणी कॉलवर येतं का बघा, मी स्वतः पण येणाऱ्याशी असं बोलल्याशिवाय पत्ता देत नाही त्यामुळं यात अपमान वाटायचं काही कारण नाही. पहिली भेट घरात नको, भवानी मंडपात किंवा रंकाळ्याच्या चौपाटीवर भेटा, तिथं कायम माणसं असतात. घराचा पत्ता आणि लाइव्ह लोकेशन आपल्या माणसाला पाठवून ठेवा. एका रात्रीच्या लॉजचे पैसे वेगळे बाजूला ठेवा आणि ते खर्चात धरूच नका, स्टेशन आणि सीबीएसच्या, म्हणजे मध्यवर्ती एसटी स्टँडच्या, आसपास लॉज भरपूर आहेत. पोचल्यावर मनाला जरा जरी खटकलं तर बॅग उचला आणि निघा, कारण सांगायची गरज नाही, वाईट काय वाटेल याचा विचार करत थांबायचं तर अजिबात नाही. मदत लागली तर ११२.

यायला मुंबईहून महालक्ष्मी एक्स्प्रेस रात्री सुटते आणि पुणे, सातारा, मिरज करत सकाळी इथं सोडते, झोपून यायचं तर स्लीपरचं तिकीट सगळ्यात स्वस्त पडतं फक्त आधी काढा. पुण्याहून स्वारगेटवरनं एसटी दिवसभर आहेत, बायकांना एसटीत २०२३ पासून निम्मं तिकीट आहे त्यामुळं मुलींना एसटीच परवडते. रेल्वे स्टेशन आणि सीबीएस एकमेकांपासून चालत जायच्या अंतरावर आहेत. सकाळी गाडी आली की थेट घरी येऊन बसायचं नाही. सकाळची ती वेळ आमच्याकडं सगळ्यात गडबडीची, नळाला पाणी आलेलं असतं, डबे भरायचे असतात, एकच बाथरूम. बाहेर भेट झाली की घरी बॅग ठेवा, चहा घ्या आणि बाहेर पडा, अंबाबाईचं दर्शन सकाळी लवकर गेलं की पटकन होतं आणि पंचगंगेचा घाटही तेव्हाच बघण्यासारखा. आंघोळीला कधीचा नंबर आहे ते मात्र पोचल्या पोचल्या विचारून घ्या, पेठेतल्या घरात पाणी भरून ठेवावं लागतं, अर्धा तास शॉवर सोडून उभं राहिलं तर संध्याकाळी भांड्याला पाणी उरत नाही.

जेवणाचं. कोल्हापूरकराच्या घरी मटण बहुतेक बुधवारी, शुक्रवारी नाहीतर रविवारी शिजतं, सोमवार, गुरुवार, शनिवार कुणाचा ना कुणाचा उपवास किंवा वार असतो आणि श्रावणात तर मटण बंदच असतं. म्हणजे घरचा तांबडा-पांढरा रस्सा खायचाय असं मनात असेल तर त्या हिशोबानं तारीख धरा आणि यजमानांना आधी सांगा, मटणाचे पैसे मी देते म्हणून सांगा, ते नको म्हणतील तरी सांगा. पांढरा आधी प्या. मटणाच्या आळणी पाण्यात नारळाचं दूध, तीळ, खसखस घालून करतात, तो तिखट नसतो. तांबड्यात कांदा-लसणीची चटणी असते, तिचा जाळ बेतानं झेलायचा. आणि ज्या दिवशी घरात साधी भाजी-भाकरी असेल त्या दिवशी तीच खा, तेव्हा तोंड बारीक करून बाहेरनं पार्सल मागवलं की करणाऱ्या बाईला फार लागतं हे मी अगदी मनापासून सांगतेय.

पैशाचं कोड्यात ठेवू नका. ॲपवरनं फुकट राहायला आला असाल तर खोलीचे पैसे पुढं करू नका, त्या ऐवजी येताना मंडईतनं भाजी आणा, दूध आणा, एक वेळ तुमच्या गावाकडचं काहीतरी रांधा. आमच्याकडं एक मुलगी दापोलीहून आली होती, तिनं सोलकढी करून घातली, सासूबाई अजून नाव काढतात. भेट आणायची तर तुमच्या गावची आणा, इथले पेढे इथल्याच माणसाला देऊन काय उपयोग. पेइंग गेस्ट असाल तर रात्रीचे किती, जेवणाचे वेगळे का त्यातच, हे यायच्या आधी लेखी ठरवून घ्या. घराचे, पोरांचे फोटो विचारल्याशिवाय टाकू नका. रात्री उशीर होणार असेल तर साडेआठच्या आत कळवा कारण दाराची कडी घालायला कोणीतरी जागं राहतं.

फिरायला फार पैसे लागत नाहीत. देऊळ, भवानी मंडप, बिंदू चौक, खासबाग, रंकाळा हे सगळं चालत होतं, लांब असेल तर केएमटीची, म्हणजे शहरातली बस. मिसळ शंभर-सव्वाशेच्या घरात मिळते, ती इथं पावाच्या स्लाइसबरोबर देतात, एवढ्यावर दुपारपर्यंत भूक लागत नाही. दुपारी देवळाजवळच्या अन्नछत्रात प्रसादाचं जेवण मिळतं, जेवून झालं की यथाशक्ती पावती फाडा. संध्याकाळी गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर जा, म्हैस समोर उभी असते, धार काढून फेसाळलेलं दूध तसंच ग्लासात देतात. राहायचं सोडून दिवसाला पाचशे ते सातशे रुपयात आरामात भागतं, चप्पल घ्यायची असेल तर ते पैसे वेगळे, आणि ती घरातल्या कुणाला तरी बरोबर घेऊनच घ्या, कातडं बघायची नजर लागते.

खासबाग मैदान शाहू महाराजांनी १९१२ ला बांधून घेतलं, कुस्ती नसली तरी आत जाऊन पायऱ्यांवर जरा वेळ बसा. तालमीत मात्र स्वतःच घुसू नका, आपल्या यजमानाला विचारा, पेठेतला माणूस तालमीच्या ओळखीतलाच असतो, तो वस्तादांना विचारून नेईल, चप्पल बाहेर काढायची, मातीत पाय ठेवायचा नाही, फोटो विचारून. फुटबॉलच्या हंगामात आलात तर शाहू स्टेडियमवर पेठेच्या टीमची मॅच बघायला घरातली पोरं स्वतःच तुम्हाला ओढून नेतील, जा, पण कुठल्या टीमच्या बाजूला बसायचं ते त्यांनाच ठरवू द्या.

दुसऱ्या दिवशी पन्हाळा. सीबीएसवरनं एसटी आहे, वीसेक किलोमीटर. १६६० ला सिद्दी जौहरचा वेढा पडला तो हाच गड, आणि २०२५ च्या जुलैमध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशात जे बारा किल्ले गेले त्यातही हा आहे. तीन दरवाजा, अंबरखाना, सज्जा कोठी चालत बघायला अख्खा दिवस ठेवा. जोतिबाला वडाप, म्हणजे शेअर जीप, मिळतात, बसायच्या आधी भाडं विचारा. तिसरा दिवस असेल तर नृसिंहवाडी आणि तिथनं पुढं खिद्रापूरचं कोपेश्वराचं देऊळ, हे एसटीनं करायचं तर पहाटेच निघावं लागतं, परतीची शेवटची गाडी कितीला आहे ते उतरल्या उतरल्या कंडक्टरला विचारा. वाडीत कवठाची बर्फी घ्या, घरच्यांसाठी पण.

कधी यायचं म्हणाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. गुऱ्हाळं चालू असतात, कुणाच्या तरी शेतावर गरम गूळ खायला मिळतो. ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी आणि ९ ते ११ नोव्हेंबर या संध्याकाळी अंबाबाईच्या मूर्तीवर मावळतीची किरणं येतात, तो किरणोत्सव बघायचा असेल तर होस्टला महिनाभर आधी विचारा. नवरात्रात आणि चैत्रात जोतिबाच्या यात्रेला घरोघरी पै-पाहुणे असतात, तेव्हा अनोळखी माणसाला खोली मिळणं अवघड, मिळाली तरी चार जणांत झोपावं लागेल. जुलै-ऑगस्टमध्ये येणार असाल तर रोज पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी बघत जा, ३९ फुटाला इशारा आणि ४३ फुटाला धोका. त्याच्या वर गेलं की रस्ते एकेक करून बंद होतात, गगनबावड्याचा तर आधी, २०१९ आणि २०२१ ला शिरोलीजवळ हायवेच पाण्याखाली होता. अशा वेळी यजमान या म्हणाले तरी येऊ नका, त्यांनाच घर आवरून वर न्यायचं असतं.

निघायच्या आदल्या रात्री किती वाजता निघणार ते सांगून ठेवा, नाहीतर पहाटे उठून कोणीतरी तुमच्यासाठी भाकरी थापत बसतं. चादर घडी करून ठेवा, टॉवेल वाळत घाला, खोली झाडून घ्या. घरी पोचला की मेसेज टाका. आणि ॲपवर रिव्ह्यू लिहाल तेव्हा "खूप छान फॅमिली" एवढं लिहून सोडू नका, जिना उभा आहे, संडास खाली अंगणात आहे, गल्लीत रिक्षा येत नाही, रात्री दहाला दार लागतं, एकट्या मुलीला झोपायला आतनं कडी असलेली खोली आहे का नाही, हे सगळं लिहा, पुढच्या येणाऱ्याला तेवढंच हवं असतं.