गच्चीवर सौर पॅनेल बसवताना आधी सावली पाहा

घरावर सौर पॅनेल बसवायचे ठरले की बहुतेक जण आधी दर विचारतात. माझ्या मते त्याआधी गच्चीवर जाऊन सावली पाहावी. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे झुकतो, त्यामुळे डिसेंबरअखेर पुण्यात भर दुपारीही तो क्षितिजापासून जेमतेम ४८ अंश वर येतो आणि दक्षिणेकडच्या चार फुटी कठड्याची सावली साडेतीन फूट आत पसरते. सकाळी नऊ, दुपारी बारा आणि तीन वाजता कठड्याच्या, पाण्याच्या टाकीच्या आणि शेजारच्या नारळाच्या सावलीची कड खडूने आखून ठेवावी. पॅनेल एकाच माळेत जोडलेली असतात, म्हणून एकावर पडलेली सावली साऱ्या माळेची वीज घटवू शकते.

त्यानंतर वर्षभराची बिले काढून महिन्याचा सरासरी वापर पाहावा. एक किलोवॅट क्षमतेच्या पॅनेलना सुमारे १०० चौरस फूट मोकळी जागा लागते आणि दिवसाला सरासरी चार युनिट वीज मिळते, म्हणजे महिन्याला तीनशे-साडेतीनशे युनिट जाळणाऱ्या घराला तीन किलोवॅट पुरतात. पावसाळ्यातली घट या सरासरीत धरलेली आहे.

घरावरच्या सौर पॅनेलसाठी फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या पीएम सूर्यघर योजनेत एका किलोवॅटला ३०,००० रुपये, दोनला ६०,००० आणि तीन किंवा अधिक किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान ठरले. वीज ग्राहक क्रमांक देऊन राष्ट्रीय पोर्टलवर अर्ज करावा, नोंदणीकृत पुरवठादारच निवडावा आणि पॅनेल भारतीय बनावटीची आहेत याची खात्री करावी, कारण त्याशिवाय अनुदान मिळत नाही.

सांगाडा गॅल्व्हनाइज्ड लोखंडाचा असावा, पॅनेलचे तोंड दक्षिणेकडे आणि कल १५ ते २० अंशांचा असावा. स्लॅबला भोके पाडू देऊ नका. आमच्या घरी कारागिराने घाईत ती पाडली आणि पहिल्याच पावसात माजघराच्या छताला ओल आली. शेवटी सिमेंटचे ठोकळे ओतून सांगाडा त्यांवर बसवावा लागला. अर्थिंग आणि आकाशातल्या विजेपासून वाचवणारा वीजरोधक यांत काटकसर नको.

बॅटरी नसलेली यंत्रणा वीज गेल्यावर आपोआप बंद पडते. बाहेरच्या तारांवर काम करणाऱ्या वायरमनला पॅनेलच्या विजेचा धक्का बसू नये यासाठी ही सोय आहे. म्हणून भारनियमन जास्त असलेल्या गावी बॅटरीचा विचार आधीच करावा.

पॅनेल पहाटे, काच तापण्याआधी, साध्या पाण्याने आणि मऊ फडक्याने पुसावीत. बोअरचे जड पाणी वापरल्यास काचेवर क्षारांचे पांढरे डाग बसतात.