पहिलं होम थिएटर: आधी टेप, मग दुकान

तयारीची सुरुवात आपल्याच हॉलमध्ये, हातात टेप घेऊन करायची. टेपचं दुसरं टोक धरायला घरातलं कुणीतरी मोकळं असेल अशी सकाळ बघा आणि वहीत चार मापं लिहून घ्या: हॉलची लांबी-रुंदी, टीव्हीपासून सोफ्यावर बसणाऱ्याच्या कानापर्यंतचं अंतर, बसल्यावर कान जमिनीपासून किती उंचावर येतात ते, आणि टीव्ही युनिटच्या कप्प्याची रुंदी, उंची, खोली. आमचा पुण्यातला हॉल ११ फूट बाय १७, टीव्ही ते कान साडेनऊ फूट, कान ३८ इंचांवर. मापांशेजारी हॉलचा कच्चा नकाशा काढा. त्यात गॅलरीचं सरकतं दार, स्वयंपाकघराकडची मोकळी बाजू आणि सगळे प्लगपॉइंट दाखवा. कप्प्याची खोली विसरू नका. बहुतेक रिसीव्हर (टीव्हीचा आवाज घेऊन सगळे स्पीकर चालवणारं मुख्य यंत्र) १३ ते १५ इंच खोल असतात, मागे वायरी वळायला आणखी दोन-तीन इंच लागतात आणि वर हवा खेळायला चार-पाच इंच तरी मोकळे हवेत. आपल्याकडची टीव्ही युनिटं सुतार बरेचदा फूटभर खोलच करतो. रिसीव्हर घरी आल्यावर हे कळलं तर तो युनिटच्या डोक्यावर ठेवावा लागतो, नाहीतर बंद कप्प्यात तापत राहतो.

वहीच्या त्याच पानावर, हे कुणासाठी आणि कशासाठी घेतोय ते एका वाक्यात लिहा. आमचं वाक्य होतं: ‘बाबांना संवाद कळले पाहिजेत.’ बाबा ७४ वर्षांचे. सिनेमा बघताना रिमोट त्यांच्या हातातून सुटायचा नाही. पात्रं बोलायला लागली की आवाज वाढवायचा, गाणं किंवा मारामारी आली की घाईघाईनं कमी करायचा, आणि मध्येच आईकडे वळून ‘काय म्हणाला तो?’ ऐकू कमी येतं असं आम्ही धरून चाललो होतो. काही अंशी ते खरंही आहे. पण पातळ टीव्हीचे बारीक स्पीकर खाली किंवा मागे तोंड करून बसवलेले असतात. त्यातून संवाद, पार्श्वसंगीत आणि धडाका सगळा एकाच वाटेनं बाहेर पडतो. ५.१ मध्ये, म्हणजे पाच स्पीकर आणि खर्जासाठी एक सबवूफर अशा मांडणीत, संवाद बहुतांशी मधल्या, म्हणजे सेंटर स्पीकरमधून येतात, आणि रिसीव्हरमध्ये त्या एकट्याची पातळी दोन-तीन डेसिबल वर करता येते. घरात वडीलधारं माणूस असेल तर या एका सोयीसाठीसुद्धा हा खर्च करावा, असं मी मनापासून सांगेन.

म्हणून यादीत पहिलं नाव सेंटर स्पीकरचं. समोरचे डावा-उजवा ज्या मालिकेतले, त्याच मालिकेतला तो घ्या, नाहीतर पडद्यावर चालत जाणाऱ्या माणसाचा आवाज मध्येच पालटल्यासारखा वाटतो. दुकानात डेमोला नेहमी स्फोटाचे प्रसंग लावतात. ते ऐकून घ्या, मग आवाज अगदी हळू करायला सांगा आणि तुमच्या ओळखीच्या मराठी सिनेमातला घरगुती बोलण्याचा प्रसंग लावा. हळू आवाजात शब्द सुटे सुटे कळले तर सेंटर चांगला. मग मधल्या खुर्चीवरून उठून अगदी कडेला बसा. आडव्या ठेवलेल्या सेंटरमध्ये दोन बाजूंना दोन वूफर (जाड आवाजाचे मोठे पडदे) आणि मध्ये ट्वीटर (बारीक आवाजाचा छोटा पडदा) असेल, तर कडेला बसणाऱ्याला आवाज थोडा पोकळ ऐकू येऊ शकतो, आणि सोफ्याच्या कडेलाही रोज कुणीतरी बसणारच असतं. ज्यांच्यासाठी घेताय त्यांना सोबत न्या. आम्ही बाबांना डोळे मिटून बसवलं आणि तीन सेंटर आलटून पालटून लावले. तिसऱ्याला ते म्हणाले, ‘याचं मराठी स्वच्छ आहे.’ तोच घेतला.

डाव्या-उजव्या स्पीकरची जागा आता नकाशावरच ठरते. ऐकणाऱ्याच्या समोरच्या मधल्या रेषेपासून दोन्हीकडे २२ ते ३० अंश, असं धरतात. साडेनऊ फुटांवर ३० अंश म्हणजे दोघांत ११ फूट, आमच्याकडे भिंतीला भिंत. २२ अंश म्हणजे पावणेआठ. आम्ही ८ फुटांवर थांबलो. एवढ्या हॉलला उंच टॉवर स्पीकर लागत नाहीत. पाच-सहा इंची वूफरचे बुकशेल्फ, म्हणजे स्टँडवर किंवा फळीवर ठेवायचे छोटे स्पीकर, आणि सोबत चांगला सबवूफर हा मेळ मला जास्त पटतो. जमीनही मोकळी राहते. मागचे सराउंड ऐकणाऱ्याच्या बाजूला, किंचित मागे, साधारण ११० अंशांवर आणि कानापेक्षा फूट-दोन फूट वर. आमच्या उजवीकडे गॅलरीचं दार येतं, तिथे भिंतच नाही, म्हणून एक सराउंड भिंतीवर आणि दुसरा स्टँडवर आहे. पैसे कमी पडत असतील तर सराउंड सहा महिन्यांनी घ्या. समोरचे तीन आणि सबवूफर एवढ्यावरही सिनेमा बदलतो. छतातल्या स्पीकरचा, म्हणजे ॲटमॉसचा, विचार फॉल्स सीलिंगचं काम चालू असेल तरच आत्ता करा.

आता वॉट. यादीतला हाच मुद्दा सगळ्यात जास्त फसवतो. रिसीव्हरच्या बॉक्सवर मोठ्या अक्षरात छापलेला आकडा बरेचदा एकच चॅनल (एका स्पीकरची वाट) चालू ठेवून, ६ ओहमवर (ओहम म्हणजे स्पीकर विजेला करतो तो अडथळा), फक्त १ किलोहर्ट्झच्या सुराला आणि १० टक्के विकृती, म्हणजे आवाजाचं फाटणं, चालवून घेऊन मोजलेला असतो. आपल्याला हवा तो ८ ओहम, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ, दोन चॅनल चालू आणि विकृती ०.१ टक्क्याच्या आत असा. माहितीपत्रकात तो बारीक अक्षरात सापडतो. ‘पीएमपीओ’ असं लिहिलेला, क्षणभराचा फुगवलेला आकडा तर वाचूच नका. त्यापेक्षा स्पीकरची संवेदनशीलता बघा. ८८ डेसिबलचा स्पीकर १ वॉटला १ मीटरवर ८८ डेसिबल देतो. घरात ३ मीटरवर तेच ८० च्या आसपास उतरतं. पुढे दर ३ डेसिबलला वॉट दुप्पट करत जा: २ वॉटला ८३, ४ ला ८६, ८ ला ८९, १६ ला ९२. घरात ९२ डेसिबल म्हणजे शेजाऱ्यांनी बेल वाजवावी इतका आवाज. म्हणजे खरे ७०-८० वॉट देणारा रिसीव्हर फ्लॅटला भरपूर झाला. उलट ८५ डेसिबलचा स्पीकर घेतलात तर तेवढ्याच आवाजाला दुप्पट वॉट लागतात. ४ ओहमचे स्पीकर पहिल्या वेळी टाळा, साधा रिसीव्हर त्यांच्यावर तापतो.

रिसीव्हर मी मुद्दाम शेवटी ठेवतो आणि बजेटचा लहान भाग त्याला देतो. चांगले स्पीकर पंधरा-वीस वर्षं चालतात. रिसीव्हर मात्र एचडीएमआयची आवृत्ती बदलली की जुना होतो. त्यात तीन गोष्टी तपासा: ईएआरसी (टीव्हीचा आवाज एचडीएमआय वायरीतूनच रिसीव्हरकडे आणणाऱ्या एआरसी या सोयीचं सुधारलेलं रूप), माइक लावून खोली मोजण्याची आणि त्याप्रमाणे स्पीकर आपोआप जुळवण्याची सोय आणि सबवूफरचं वेगळं आउटपुट. टीव्हीवरही ईएआरसी किंवा एआरसी लिहिलेलं एचडीएमआयचं छिद्र बहुधा एकच असतं, ते आधी शोधून ठेवा. साध्या एआरसीवर ओटीटीवरचा ॲटमॉस जातो, ब्लू-रे डिस्कवरचा ट्रूएचडी, म्हणजे दर्जा न घटवलेला आवाज, जात नाही. ईएआरसीवर दोन्ही जातात. अमेरिकेतल्या नातेवाइकांकडून रिसीव्हर मागवण्याचा विचार असेल तर तिथली वीज १२० व्होल्ट आणि आपली २३०. मध्ये स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लागेल आणि वॉरंटी बहुधा इथे चालणार नाही. मी तरी नको म्हणेन.

वायर स्पीकर येण्याआधी घरात हवी. भिंतीच्या कडेकडेनं मोजा, प्रत्येक तुकड्याला दोन फूट जास्त धरा आणि १६ गेजची शुद्ध तांब्याची वायर आणा. पुण्यात तापकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला मीटरवर मिळते. विकत घेताना टोक चाकूनं खरवडून बघा. आतून पांढरं निघालं तर ते तांबं चढवलेलं ॲल्युमिनियम आहे. रंगकाम निघालं असेल तर वायरमनला विजेच्या पाइपापासून दूर वेगळा पाइप टाकायला सांगा. जोडताना लाल लालला, काळा काळ्याला. आमचा एक स्पीकर उलटा जोडला गेला होता, आणि दोन दिवस गाणं मधून न येता भिंतींतून आल्यासारखं वाटत होतं. बाहेर राहिलेली एखादी तार शेजारच्या टर्मिनलला टेकली तर रिसीव्हर बंद पडतो, तेही नीट बघा.

सबवूफरची जागा आधी ठरवू नका. तो सोफ्यावर, तुमच्या बसायच्या जागी ठेवा, खर्ज असलेलं काहीतरी लावा आणि भिंतीच्या कडेनं कान खाली नेऊन फिरा. जिथे खर्ज घुमत नाही, पण प्रत्येक ठोका कळतो, तिथे सबवूफर ठेवा. आमच्याकडे टीव्हीच्या कोपऱ्यात तो नुसता घुमला, देवघराजवळच्या भिंतीला बरोबर बसला. खाली जाड रबर किंवा फोम घाला. व्हिट्रिफाइड टाइल आणि मोकळी काच आवाज परतवतात, म्हणून सोफ्यापुढे जाड सतरंजी आणि गॅलरीला जाड पडदा हेही खरेदीच्या यादीत लिहा. मग माइक कानाच्या उंचीवर, ट्रायपॉडवर ठेवून खोली मोजा. त्या वेळी पंखा बंद, कुकर बंद. मोजून झाल्यावर मेन्यूत सगळे स्पीकर ‘स्मॉल’ आणि क्रॉसओव्हर ८० हर्ट्झ करा, म्हणजे त्याखालचा खर्ज सबवूफरकडे जातो.

एक काम घराबाहेरचं. ध्वनिप्रदूषण नियम २००० प्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबल ही मर्यादा आहे; पण स्लॅबमधून खाली काय पोचतं ते खालीच जाऊन कळतं. मी खालच्या मजल्यावरच्या काकूंकडे गेलो, त्यांच्या हॉलमध्ये बसलो आणि फोनवरून बहिणीला आवाज वाढवत न्यायला सांगितलं. संवाद कधीच आले नाहीत, पण रिसीव्हरवरचा आवाजाचा आकडा (तो उण्यात असतो, शून्याकडे जावं तसा आवाज वाढतो) उणे २८ ला आला तेव्हा त्यांच्या शोकेसमधले कप किणकिणले. काकू म्हणाल्या, ‘एवढा नको रे, ह्यांना नऊलाच झोप लागते.’ खाली खाली येत उणे ३६ ला त्यांना काहीच जाणवेना. तो आकडा कागदावर लिहून रिसीव्हरच्या कप्प्याच्या दाराला आतून चिकटवलाय, बाबांना चष्म्याशिवाय वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरात: ‘रात्री ९ नंतर −३६’.