जुन्या प्रेमकॉमिक्सना नवे संवाद

जुन्या प्रेमकॉमिक्समधले संवाद पुसून तिथे गमतीशीर संवाद लिहायचे असतील, तर पान 600 डीपीआयवर (इंचाला 600 बिंदू) स्कॅन करा. कमी ठेवलं तर छपाईच्या ठिपक्यांची जाळी उमटते. अमेरिकी कॉमिक्स 1964 पूर्वीचं असेल तर कॉपीराइटचं नूतनीकरण झालं होतं का, ते आधी तपासा.

संवादाच्या फुग्यातली अक्षरं पुसताना शुद्ध पांढरा रंग भरू नका. जुना कागद पिवळसर असतो, ठिगळ लगेच दिसतं. शेजारचाच रंग उचला. देवनागरीत मात्रा वर-खाली येतात, म्हणून ओळींमध्ये अंतर जास्त ठेवा आणि दहा-बारा शब्दांत आटपा.

खरी गंमत चेहऱ्यात असते. नायिकेच्या गालावर अश्रू ओघळलाय? तिला म्हणू द्या, "गॅस बंद केला होतास ना?" उद्गारचिन्हं अजिबात नकोत, त्यांनी मजाच जाते. चित्रांऐवजी फोटो वापरलेत, तर त्यांना मात्र फुगे शोभत नाहीत. मजकूर खालच्या पट्टीत द्या.