लीगल एड कॅम्पची तयारी, एकदा तोंडावर आपटलेल्याकडून

गावात मोफत कायदा सल्ल्याचा कॅम्प घ्यायला निघालेल्या लॉ कॉलेजच्या पोरापोरींनो, सगळ्यात आधी नोंदवही घ्या. आत्ताच, बाकीचं वाचायच्या आधी, बर्डीवर (नागपूरच्या सीताबर्डी बाजारात) जाऊन एक जाड लाँगबुक आणि एक कार्बनवालं डुप्लिकेट बुक घेऊन या. हजेरीपत्रक आहे ना, असं म्हणू नका. हजेरीपत्रक आमच्याकडेपण होतं, त्यावर ८४ सह्या होत्या, अर्धे अंगठेच, आणि फोन नंबरचा कॉलमच नव्हता. कॉलेजच्या रिपोर्टला ते पुरलं, बाकी कोणाच्या काही कामाचं नव्हतं.

झालं असं की मागच्या हिवाळ्यात कुही तालुक्यातल्या एका गावात आमचा कॅम्प होता. बॅनर, माईक, पथनाट्य, सगळं झकास. एक आजी आली, प्लास्टिकच्या पिशवीत सातबारा, नवऱ्याचा मृत्यूचा दाखला (तो चक्क लॅमिनेट केलेला) आणि तलाठ्याकडून आलेली एक नोटीस. नवरा गेल्यावर पुतण्यांनी वारस नोंदीचा अर्ज दिला होता आणि त्यात आजीचं नावच नव्हतं. सोबतच्या वकील मॅडमनी नोटीस वाचून लगेच सांगितलं, हरकतीला १५ दिवस असतात, लेखी हरकत द्या. आजी म्हणे मला लिहिता येत नाही. आम्ही म्हणालो आजी टेन्शन घेऊ नका, आम्ही लिहून देतो, फोन करतो. तेवढ्यात प्रमुख पाहुणे आले, बुके शोधायला पळालो, आणि आजीचं नाव, नंबर, गट नंबर, काही म्हणजे काही कोणी लिहून घेतलं नाही. प्रत्येकाला वाटलं दुसऱ्याने घेतलं असेल.

महिन्याभराने ग्रामसेवकांचा सरांना फोन आला, सर एक म्हातारी रोज पंचायतीत येऊन विचारून राहिली, वकिलाचा फोन कधी येते म्हणून. कोणती म्हातारी, ते सांगायला आमच्यातला एकही तयार नाही. मग फोटो काढले शोधायला, २१२ फोटो होते बाप्पा, त्यात आजी एकाच फोटोत, तीपण अर्धी, पदर आणि हातातली ती पिशवी, समोर बुकेवाले पाहुणे. आम्ही दोघं एसटीने परत गेलो तेव्हा फेरफार (सातबाऱ्यावरची वारसांची नोंद) मंजूर होऊन गेला होता. आता उपविभागीय अधिकाऱ्यांकडे अपील, त्याची ६० दिवसांची मुदत नशिबाने शिल्लक होती म्हणून निभावलं. एका पानाच्या हरकत अर्जात झालं असतं ते काम आम्ही अपिलापर्यंत नेऊन ठेवलं. म्हणून नोंदवही.

आता क्रमाने. तारीख. सगळ्यांना ९ नोव्हेंबरच पाहिजे असतो, विधी सेवा दिन (१९८७ चा विधी सेवा कायदा १९९५ मध्ये त्याच दिवशी लागू झाला ना, म्हणून). पण त्या दिवशी जिल्हाभर कार्यक्रम असतात, पॅनलवरचे (विधी सेवा प्राधिकरणाच्या यादीतले) वकील मिळायची मारामार, आणि वर कापूस वेचणीचे दिवस. सकाळी ११ ला कॅम्प ठेवला तर समोर कोण बसणार, तर शाळेची पोरं आणि पारावरचे चार म्हातारे. बाया शेतात. ज्यांच्यासाठी जातोय त्याच नाहीत. सरपंचांना विचारा बाजाराचा दिवस कोणता, मजूर कोणत्या दिवशी घरी असतात, नाहीतर सरळ संध्याकाळी सहा नंतर ठेवा आणि परतीच्या गाडीची सोय आधी बघा, शेवटची एसटी तुमच्यासाठी थांबत नाही.

पत्र. प्रिन्सिपलच्या लेटरहेडवर, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांच्या नावे, सिव्हिल लाइन्सला जिल्हा न्यायालयात नेऊन द्यायचं, किमान तीन आठवडे आधी. दुसऱ्या प्रतीवर आवकचा शिक्का घ्या, तो नसेल तर पत्र दिलंच नाही असं समजा. पत्रात नुसतं ‘मार्गदर्शन मिळावे’ असं लिहू नका, स्पष्ट मागा: एक पॅनल वकील, शक्यतो बाई, एक पॅरा लीगल व्हॉलंटियर (वकील नसलेला, पण कायद्याच्या मदतीचं ट्रेनिंग घेतलेला स्वयंसेवक), आणि मोफत वकिलासाठीच्या अर्जाचे कोरे फॉर्म. एक प्रत तालुका विधी सेवा समितीला, कारण पुढचं सगळं तिथेच होणार आहे. ग्रामपंचायतीला वेगळं पत्र, आणि कॅम्पच्या आधी एकदा दोघातिघांनी गावात जाऊन या, हे टाळू नका. आम्ही टाळलं होतं. ग्राहक संरक्षणावर चाळीस मिनिटं बोललो, गावाला विचारायचं होतं सातबाऱ्यावर मुलीचं नाव लागते का. (लागते. हिंदू वारसा कायद्याची २००५ ची दुरुस्ती आहे आणि २०२० मध्ये विनीता शर्मा निकालात सुप्रीम कोर्टाने दुरुस्ती लागू झाली तेव्हा वडील हयात होते की नव्हते हा वादपण मिटवला.)

विषय दोनच घ्या. तीन नको. सिनिअरकडून मिळालेल्या जुन्या पीपीटी आणि पोस्टर डोळे झाकून वापरू नका, त्यांच्यावर अजून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ ची पोटगी आणि जुन्या दंड संहितेचं ४९८अ (नवऱ्याकडून, सासरकडून छळ) आहे. १ जुलै २०२४ पासून पोटगी म्हणजे नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४, आणि ४९८अ च्या जागी न्याय संहितेचं ८५. जुन्या केसेस जुन्या नंबरने चालू आहेत, त्यामुळे दोन्ही सांगा, पण पोस्टर नवीन करा. म्हाताऱ्या आईबापांच्या २००७ च्या कायद्याचं नक्की सांगा, मुलगा सांभाळत नसेल तर प्रांताकडे (म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्यांकडे) अर्ज करता येतो हे बहुतेकांना माहीतच नसतं, त्यांना वाटते कोर्टच करावं लागते.

मोफत वकील कोणाला मिळतो हे पाठ करून जा, कारण तोच प्रश्न शंभरदा येतो. बाई असेल, मूल असेल, अनुसूचित जाती-जमातीचं कोणी, दिव्यांग, कोठडीतला माणूस, कारखान्यातला कामगार, असे लोक विधी सेवा कायद्याच्या कलम १२ मध्ये उत्पन्न न बघता बसतात. बाकीच्यांना आपल्या राज्यात वर्षाला ३ लाखांच्या आत उत्पन्न. बाईला उत्पन्नाचा दाखला आणायला तहसीलला पाठवू नका, आमच्यातल्या एकाने पाठवलं होतं, तिची एक दिवसाची मजुरी बुडाली. हेल्पलाइन १५१००, ती फळ्यावर मोठ्या अक्षरात.

पथनाट्य बारा मिनिटं, वर एक मिनिट नाही. आणि दारुड्या नवऱ्याचं कॉमेडी कॅरेक्टर बंद करा ना यार. सगळं गाव हसते, आणि जिच्या घरी तो खरोखर आहे ती मागच्या रांगेतून उठून निघून जाते, मी पाहिलंय.

बोलायला एक बंद खोली. शाळेची खोली चालेल, स्पीकरपासून लांब, दार लागणारी, आत वकील, एक मुलगी आणि नोंदवही. हो, परत नोंदवही. ती बाहेर टेबलवर बॅनरखाली ठेवायची वस्तू नाही, जिथे बोलणं चालू आहे तिथेच पाहिजे. आणि लिहिणारा एकच माणूस ठरवा, नावानिशी, त्याला त्या दिवशी दुसरं कोणतंही काम नाही, पाहुण्यांच्या चहाचंपण नाही. लिहायचं काय: नाव, दोन मोबाईल नंबर (एक स्वतःचा, एक शेजारच्याचा किंवा भाच्याचा, कारण गावात रिचार्ज संपलेला असतोच), विषय एका ओळीत, कोणते कागद पाहिले, नोटीस असेल तर नोटिशीची तारीख, वकील काय म्हणाले, पुढे काय करायचं, कोण करणार, कोणत्या तारखेला. शेवटचे दोन रकाने रिकामे राहिले तर नोंद झालीच नाही. डुप्लिकेट बुकातली वरची चिठ्ठी त्या माणसाच्या हातात, त्यावर नोंदीचा नंबर आणि कॉलेजच्या विधी सेवा केंद्राचा फोन. लोक ती चिठ्ठी जपतात, सातबाऱ्यासोबत ठेवतात. कोणी म्हणेल गूगल फॉर्म करू. करा, पण गावात नेट गेलं की तोंड बघत बसाल, म्हणून वही.

सल्ला तुम्ही द्यायचा नाही. तुम्ही वकील नाही अजून. ऐका, लिहा, वकिलांना दाखवा. ‘होऊन जाईल काकू’ हे वाक्य तोंडातून आलं तर मी स्वतः येऊन मारीन. ओरिजिनल कागद सोबत आणायचे नाहीत, विचारून फोटो काढा आणि तिथल्या तिथे परत द्या. तक्रार सांगणाऱ्या बाईचा चेहरा स्टेटसवर टाकू नका, हेपण सांगावं लागते हे दुर्दैव.

पाणी, सतरंजी, चहा, माईकचे सेल, बॅनर: हे कोणी विसरत नाही. शाल-श्रीफळ कमी करा.

दिवस संपला की निघायच्या आधी वकिलांसोबत दहा मिनिटं वही वाचा, मुदतवाल्या नोंदींना लाल खूण. दुसऱ्या दिवशी लाल खुणावाल्यांना फोन. अर्ज आठवड्यात तालुका समितीला, पोच घ्या. पंधरा दिवसांनी परत फोन. रिपोर्ट, फोटो, सर्टिफिकेट त्यानंतर कधीपण.

परीक्षा झाल्या की मी नाही. वही सेकंड इयरच्या कोणीतरी ताब्यात घ्या, आमची दुसऱ्या कॅम्पची माझ्याकडेच आहे, त्यात तीन नोंदी अजून उघड्या आहेत, त्यातली एक आजीच्या अपिलाची, पुढची तारीख पेन्सिलने लिहून ठेवलीय. कॉलेज सुटल्यावर लायब्ररीच्या पायऱ्यांवर या आणि घेऊन जा.