ईएक्स हायड्री गोव्यातून कसा टिपायचा आणि एक्स-रेशी कसा जुळवायचा

आपल्याकडे जून ते सप्टेंबर आकाश बंदच, म्हणून चुंबकीय श्वेत बटूंच्या (श्वेत बटू म्हणजे मेलेल्या ताऱ्याचा उरलेला घट्ट गाभा, इथे शेजारी ताऱ्यासोबत फिरणारा) जोड्यांपैकी कुठली घ्यायची हे पावसालाच ठरवू द्या. मी म्हणेन ईएक्स हायड्री. एप्रिलच्या सुरवातीला रात्री साडेबाराच्या आसपास दक्षिणेला ४५ अंशांवर येतो, हस्त नक्षत्राच्या खाली जरा डावीकडे. प्रत (तेजाचा आकडा, जितका मोठा तितका तारा अंधुक) साधारण १३, म्हणजे ८ इंची टेलिस्कोप आणि मोनो (कृष्णधवल) कॅमेरा हवाच. पणजीतून नको, मांडवीतल्या कॅसिनोंचा उजेड नडतो, सत्तरीत किंवा नेत्रावळीकडे जा, आणि ड्यू हीटर न्या नाहीतर दवाने अर्धी रात्र काच पुसण्यात जाते.

ही जोडी ९८ मिनिटांत एक फेरी मारते, श्वेत बटू स्वतःभोवती ६७ मिनिटांत फिरतो, म्हणजे दोन फेऱ्यांत जवळजवळ तीन गिरक्या. शेजारच्या ताऱ्याकडून ओढलेला वायू चुंबकीय क्षेत्राच्या वाटेने ध्रुवांवर आदळतो, कोट्यवधी अंश तापतो, तिथून एक्स-रे निघतात. म्हणून ३० सेकंदांचे फोटो सलग पाच तास तरी घ्या, डार्क-फ्लॅट (कॅमेऱ्याचे दोष काढायला झाकण लावून आणि एकसारख्या उजेडात घेतलेले फोटो) घ्या, तुलनेचे तारे आव्सोच्या (AAVSO, रूपविकारी तारे बघणाऱ्यांची संघटना) चार्टवरून उचला आणि तेजाचं मोजमाप अ‍ॅस्ट्रोइमेजजे या सॉफ्टवेअरमध्ये करा, फुकट आहे.

खरी गंमत वेळेत आहे. लॅपटॉपचं घड्याळ आधी इंटरनेटवरून मिळवा, नंतर सगळ्या वेळा सूर्यमालेच्या केंद्राला आणा, म्हणजे तिथून पाहिलं असतं तर आल्या असत्या तशा करा, कारण पृथ्वी सूर्याच्या अल्याड की पल्याड यावर प्रकाश ८ मिनिटांपर्यंत लवकर-उशिरा पोचतो.

एक्स-रे वातावरणातून खाली येतच नाहीत, तो डेटा नासाच्या हीसार्क किंवा युरोपच्या एक्सएमएम-न्यूटनच्या अर्काइव्हमधून उतरवायचा. मी एक्सएमएम घेईन. आपला एक्स-रे उपग्रह अ‍ॅस्ट्रोसॅट ६५० किमीवरून साधारण ९८ मिनिटांतच पृथ्वीला फेरी मारतो, आता बघा, ताऱ्याचीही फेरी तेवढीच! असल्या उपग्रहाला पृथ्वी मधे आली की दरवेळी जोडीच्या फेरीतला जवळपास तोच भाग हुकतो. एक्सएमएमची फेरी दोन दिवसांची, सलग बघू शकतो.

मग दोन्ही डेटा ६७ मिनिटांवर फोल्ड करून, म्हणजे ६७-६७ मिनिटांचे तुकडे एकावर एक ठेवून, एकाखाली एक लावा. गिरकी हळूहळू वेग घेतेय, त्यामुळे नुसता आकडा टाकून चालत नाही, छापून आलेलं ताजं एफिमेरिस (कुठली गिरकी नेमकी कधी येते ते सांगणारं सूत्र) घ्या. तेजाचे दोन्ही उंचवटे साधारण एकाच जागी यायला हवेत. नाही आले तर लगेच नवा शोध लागला म्हणून नाचू नका, आधी ती ८ मिनिटं तपासा, मग टीटी (खगोलशास्त्रातली वेळ) आणि यूटीसी (घड्याळाची जागतिक वेळ) यांमधले ६९ सेकंद.